झाडाचें वय कोण सांगणार?

खानदेशांतील वैशाखाचें ऊन सोसल्यावांचून कळत नाहीं. जळगांव-भुसावळाकडे पारा ४५ अंशांच्या पुढें जातो आणि धुळ्याच्या रस्त्यांवर भर दुपारीं चिटपांखरूंही दिसत नाहीं. नेमक्या ह्याच दिवसांत खानदेशचा लाडका सण येतो. अक्षय्य तृतीयेस इकडे 'आखाजी' म्हणतात. सासुरवाशिणी माहेरीं येतात, झाडाला झोका बांधतात आणि अहिराणी गाण्यांनीं सारी गल्ली भरून टाकतात. हा झोका पुष्कळदां कडुनिंबाला बांधलेला असतो. चैत्रांत त्याला नवी पालवी येते, त्यामुळें दुसरीं कित्येक झाडें उघडीं पडलेलीं असतां वैशाखांत त्याची सावली दाट असते. ऐन उन्हाळ्यांत मुलींनीं मोकळ्या हवेंत खेळावें असा सण ज्यांनीं पाळला, त्यांनीं दारापुढें झाड असणार हें गृहीतच धरलें होतें.

आज तसें गृहीत धरतां येत नाहीं. जळगांव व धुळें या दोन्ही ठिकाणीं २००३ सालापासून महानगरपालिका आहेत. वस्ती वाढली, रस्ते रुंद झाले. दोन्ही शहरांना जोडणारा सुरत-नागपूर महामार्ग चौपदरी करतांना त्याच्या कडेचीं जुनीं झाडें गेलीं. झोका पेलेल अशी आडवी फांदी असलेलें झाड किती गल्ल्यांत उरलें आहे, हें ज्याचें त्यानें मोजून पाहावें. रस्ते नकोत, घरें नकोत, असें कोणी शहाणा माणूस म्हणणार नाहीं. परंतु कोणतें झाड खरोखर अडथळा आहे आणि कोणतें थोडी वांकडी वाट घेऊन वांचवितां येईल, हा विचार करावयाचा तर त्या झाडाची कांहीं माहिती हाताशीं हवी. ती माहिती कोणापाशीं असते? बहुधा कोणापाशींच नसते.

या माहितींत सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे झाडाचें वय. वयाला एवढें महत्त्व कां, याचें उत्तर कायद्यांत आहे. महाराष्ट्रांतील शहरांमधील झाडांच्या रक्षणासाठीं १९७५ सालीं स्वतंत्र कायदा झाला. स्वतःच्या अंगणांतलें झाड असलें तरी तें तोडण्यापूर्वीं परवानगी घ्यावी, आणि शहरांतील झाडांची गणना दर पांच वर्षांनीं व्हावी, असें त्यांत सांगितलें आहे. २०२१ सालीं या कायद्यांत दुरुस्ती झाली. तिनें ५० वर्षें व त्याहून अधिक वयाच्या झाडाला 'प्राचीन वृक्ष' हा निराळा दर्जा दिला. शिवाय तोडलेल्या झाडाचें जितकें वय, तितकीं नवीं झाडें लावावींत असा दंडक घातला. म्हणजे ज्याचें वय दहा वर्षें ठरलें त्याच्या मोबदल्यांत दहा रोपें, आणि ज्याचें ऐंशीं ठरलें त्याच्या मोबदल्यांत ऐंशीं. अशा रीतीनें वयाचा आंकडा हा झाडाचा एक हक्कच होऊन बसला आहे. आणि हक्क म्हटला कीं साक्षीपुरावा आलाच.

हा पुरावा मिळविणें दिसतें तितकें सोपें नाहीं. थंड हवेच्या देशांतील बहुतेक झाडांच्या खोडांत दर वर्षाचें एक वर्तुळ उमटतें. आपल्याकडील सागांतही तें स्पष्ट दिसतें. परंतु कडुनिंब, वड, पिंपळ यांसारख्या झाडांचीं वर्तुळें तितकीं खात्रीचीं नसतात. आणि तीं मोजण्यासाठीं खोडच कापावें, तर ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप तेंच हातचें गेलें. घेरावरून वयाचा अंदाज बांधतां येतो, पण तो अंदाजच. विहिरीच्या कांठचें झाड झपाट्यानें फुगतें, मुरमाड जमिनींतलें जागच्या जागीं झुरतें. एकाच दिवशीं लावलेल्या दोन कडुनिंबांचे घेर पन्नास वर्षांनीं सारखे भरतीलच असें नाहीं. मग खरा साक्षीदार उरतो तो एकच, आणि तो म्हणजे झाडाचा शेजारी.

"हें झाड माझ्या लग्नाच्या वर्षीं सासऱ्यांनीं लावलें," असें सांगणारी आजी पुष्कळ घरांत असते. एखाद्या शाळेच्या जुन्या छायाचित्रांत मुलांच्या रांगेमागें एक कोवळें रोप दिसतें, आणि तेंच आज इमारतीच्या वर गेलेलें असतें. जुन्या खरेदीखतांत चतुःसीमा सांगतांना "पूर्वेस चिंचेचें झाड" असा उल्लेख सांपडतो. अशा नोंदी मौल्यवान असतात, परंतु त्या विखुरलेल्या असतात. आजी गेली कीं तिची आठवणही तिच्याबरोबर जाते.

विखुरलेली माहिती गोळा कशी करावी, हें धुळेंकरांस कोणी बाहेरून येऊन शिकवावयास नको. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून, लोकांच्या माळ्यावर धूळ खात पडलेलीं दप्तरें मिळवून, 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' २२ खंडांत प्रसिद्ध केलीं. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यांत त्यांचा अंत झाला आणि दुसऱ्याच वर्षीं, १९२७ मध्यें, तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ उभें राहिलें. कागद जळून वा कसर लागून नाहींसा होण्यापूर्वीं त्याची नक्कल करून ठेवावी, ही त्या परंपरेची शिकवण. झाडांच्या बाबतींत तीच शिकवण लागू आहे. एवढेंच कीं येथील दप्तर माळ्यावर नसून माणसांच्या मनांत आहे.

हें काम एका गल्लीनें किंवा एका पेठेनें हातीं घ्यावें. धुळ्यांत गल्ल्यांना क्रमांक आहेत. तसेच गल्लींतील झाडांनाही क्रमांक देण्यास अडचण ती कोणती? प्रत्येक झाडाला वहीचें एक पान द्यावें आणि त्यावर तीन गोष्टी लिहाव्या.

पहिली गोष्ट नांव. लोक ज्या नांवानें ओळखतात तें आधीं. पुस्तकी नांव मागाहून. नांव देतांना गफलत होते ती टाळावी. दसऱ्याला 'आपटा' म्हणून पुष्कळदां कांचनाचीं पानें वाटलीं जातात. आपट्याचें पान लहान, जाड व लांबीपेक्षां रुंदीला अधिक असतें आणि त्याचीं फुलें बारीक, फिकटलेलीं असतात; कांचनाचें फूल मोठें व डोळ्यांत भरणारें. एवढा फरक मुलांना एकदां दाखविला कीं तीं जन्मांत विसरत नाहींत.

दुसरी गोष्ट घेर. जमिनीपासून साडेचार फूट, म्हणजे सुमारें १३७ सेंटिमीटर उंचीवर, खोडाभोंवतीं सुतळी गुंडाळावी आणि ती फूटपट्टीवर मोजावी. दर वर्षीं त्याच उंचीवर मोजणें महत्त्वाचें. नाहींतर वाढ झाडाची कीं मोजणाराच्या हाताची, हें कळणार नाहीं.

तिसरी गोष्ट आठवण. येथें थोडी कुशलता लागते. "झाड किती वर्षांचें?" असें विचारलें तर "फार जुनें" एवढेंच उत्तर येतें. म्हणून सर्वांच्या लक्षांत राहिलेल्या घटनेचा आधार घ्यावा. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला ते तो विसरलेले नाहींत. "त्या दुष्काळांत हें झाड होतें काय? त्याखालीं बसतां येत होतें काय?" असें विचारावें. होतें, असें उत्तर आलें तर त्या झाडानें पन्नाशी ओलांडली हें ठरलें, आणि कायद्यानें सांगितलेल्या मर्यादेशीं तें येऊन पोंचलें. मात्र एकाच्याच सांगण्यावर विसंबूं नये. स्मरण चुकतें, अभिमानानें फुगतें. दोन-तीन घरचीं उत्तरें ताडून पाहावीं. सांगणारानें स्वतः पाहिलेलें कोणतें व ऐकलेलें कोणतें, हें निराळें लिहावें. आणि खालीं तारीख घालावी. वहीची एक प्रत वाचनालयांत ठेवावी आणि दुसरी महानगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे देऊन तिची पोंच घ्यावी. अशा नोंदीनें प्रत्येक झाड वांचेलच असें नाहीं. परंतु त्याच्या वयाचा वाद निघाला तर बोलावयास कांहीं आधार राहील.

पण वहीनें काम एकदांच होतें, सणानें तें दरवर्षीं होतें. १९५० सालीं केन्द्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनीं जुलैच्या पहिल्या आठवड्यांत वनमहोत्सवाची प्रथा घातली. ती चांगलीच आहे. तथापि तिचा सारा भर नवें रोप लावण्यावर असतो, आणि रोप लावणारे लोक पुढच्या वर्षीं त्याच खड्ड्यांत दुसरें रोप लावतांना आढळावे, असेंही घडतें. उभ्या झाडाचा सण निराळा. साताऱ्यांत १९९९ सालापासून १ मे रोजीं गुलमोहर दिन साजरा होतो. फुललेल्या झाडांखालीं चित्रें काढलीं जातात, कविता वाचल्या जातात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पण साताऱ्याच्या लोकांनीं त्याला आपलेंसें केलें. बीड येथें फेब्रुवारी २०२० मध्यें वृक्षसंमेलन भरलें, तेव्हां अध्यक्षपदाचा मान एका वडाला दिला होता. अध्यक्षांनीं लांबलचक भाषण केलें नाहीं, हा त्या संमेलनाचा विशेष गुण म्हटला पाहिजे! आणि खुद्द धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतील बारीपाडा या आदिवासी पाड्यांत, २००४ सालापासून रानभाज्यांची पाककला स्पर्धा होते. रान राखणाऱ्या स्त्रियाच तेथें स्पर्धक असतात आणि कोणतें पान केव्हां खुडावें याचें ज्ञान ताटांतून पुढच्या पिढीकडे जातें. ते रान राखण्याच्या कामांतील अग्रणी चैत्राम पवार यांस २०२५ सालीं पद्मश्री मिळाली. उत्सव आणि शिक्षण एकाच पंक्तीला कसें बसवावें, याचा हा घरचाच धडा आहे.

शहरवासीयांना नवे सण शोधण्याचीही गरज नाहीं. आखाजीला झोक्याचें झाड तपासावें, वाळकी फांदी वेळींच काढवून घ्यावी आणि त्याच दिवशीं घेर मोजावा. वटपौर्णिमेला फांदी तोडून घरीं आणण्याऐवजीं वडापाशीं जावें आणि जमलेल्या वडीलधाऱ्या स्त्रियांकडून त्याची हकीकत लिहून घ्यावी. आषाढाच्या सुमारास निंबोळ्या पिकून खालीं पडतात. निंबोळीचें बीं फार दिवस ठेवलें तर उगवत नाहीं. कांहीं आठवड्यांतच त्याची शक्ति जाते. म्हणून शाळा सुरू होतांच मुलांनीं त्या वेंचून, गर धुऊन, ताज्या ताज्या पेराव्या. ज्या झाडाची निंबोळी, त्याचा क्रमांक रोपावर लिहावा. म्हणजे मायलेंकरांची ओळख राहते.

आणि वर्षभर एक पथ्य पाळावें. खोडाला खिळे ठोकून पाट्या लावूं नयेत, आणि बुंध्याला सिमेंटचा गळफास बसूं देऊं नये. मुळांनाही हवा व पाणी लागतें. दिल्लींतील एका प्रकरणांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१३ सालीं बुंध्याभोंवतींची एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता. तें माप कोणत्याही गल्लीनें स्वीकारण्याजोगें आहे.

ओळख नसली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण जळगांवकरांच्या जिभेवर आहे. मेहरूणचें तळें आज शहरांत आलें आहे. त्या परिसरांतील बोरांची कीर्ति एवढी कीं फळबागांच्या पुस्तकांत 'मेहरूण' ही बोरीची एक जात म्हणून नोंदली गेली. शहर पसरत गेलें तसतशी बोरींची जागा घरांनीं घेतली. आंठी पेरून तेंच फळ येईल अशी खात्री नसते. जात टिकवावयाची तर मूळ झाडाचा डोळा घेऊन तो भरावा लागतो. म्हणजे मूळ झाड कोठें उभें आहे हें ठाऊक असावें लागतें. पुस्तकांत नांव राहिलें आणि झाडाचा पत्ता हरवला, तर त्या नांवाचा उपयोग किती?

म्हणून येत्या आखाजीस झोका बांधण्यापूर्वीं फांदीकडे तर पाहावेंच, पण घरांतील सर्वांत वयस्क माणसाकडेही वळून एक प्रश्न विचारावा: हें झाड कोणी लावलें? उत्तर मिळालें तर तें त्याच दिवशीं वहींत उतरून घ्यावें. झाड आणखी शंभर वर्षें उभें राहूं शकेल. सांगणारास तितका अवधि नसतो.