वुजूनंतरची ओल

दिवसातून ५ वेळा आपण वुजू करतो, पायाच्या बोटांत करंगळी फिरवून खिलालही करतो. आणि मग ओल्याच पायांवर मोजे चढवतो. चिखल्या होतात त्या इथून. बेचक्यातली कातडी पांढरी पडून सोलते, खाज सुटते. दोष पाण्याचा नाही, पुसायचं राहतं. रुमाल मात्र ज्याचा त्याने वेगळा ठेवावा. क्लोट्रिमॅझोलचं मलम बहुधा पुरतं, पण खाज थांबताच आपण ते सोडतो. साधारण ४ आठवडे लावावं.

घरातल्या दादीला किंवा अब्बांना मधुमेह असेल तर एवढ्यावर भागत नाही. अनेकांच्या पायाची जाणीव कमी झालेली असते. खडा टोचला, पाय भाजला तरी कळत नाही. थंडीत फजरच्या वुजूचं गरम पाणी आधी घरातल्या दुसऱ्या कुणी हात घालून पाहावं. कुरूप ब्लेडने कापू नये, औषधी पट्टीही लावू नये. तिच्यातलं सॅलिसिलिक आम्ल चांगली कातडीही खातं. खिलाल करताना रोज तळवा पाहावा, नजर अधू असेल तर नातवाने पाहावा. फोड, काळा डाग किंवा न दुखणारी जखम दिसली, तर हळद भरत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.