चाचणीतली लाईन आणि खांबावरची लाईन

इंडक्शनची शेगडी मंद ठेवली, की अनेक स्वस्त शेगड्या आच कमी करत नाहीत. त्या पूर्ण ताकदीने पेटतात, थांबतात आणि पुन्हा पेटतात. दुधाला हे चालते, पण शेजारच्या घरातला दिवा त्याच तालावर लपलपतो. शेगडीवर प्रमाणपत्राचा शिक्का असतो आणि तो खोटा नसतो. मग लपलप कुठून येते? नशिराबादसारख्या गावात याचे उत्तर शोधताना लोक एकतर कंपनीला दोष देतात, नाहीतर वायरमनला. माझ्या मते यात चाचणी चुकलेली नाही. तिच्यानंतर करायची दुसरी मोजणी आपण कधी हातात घेतली नाही, खोट तिथे आहे.

आधी चाचणी काय करते ते पाहू. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत यंत्र भिंतीतल्या सॉकेटला लावत नाहीत. त्याला जवळजवळ निर्दोष साइन लहरीचा 230 व्होल्टचा, 50 हर्ट्झचा कृत्रिम पुरवठा देतात. त्या पुरवठ्यातच तिसरे हार्मोनिक (मूळ लहरीच्या तिप्पट वारंवारतेची लहर) 0.9 टक्क्यापेक्षा जास्त असेल, तर मोजणी ग्राह्य धरत नाहीत. मग यंत्राने ओढलेला प्रवाह चाळिसाव्या हार्मोनिकपर्यंत, म्हणजे 2000 हर्ट्झपर्यंत सोलून पाहतात. साध्या घरगुती यंत्राला तिसऱ्यात 2.30 अँपिअर, पाचव्यात 1.14, सातव्यात 0.77 अशी उतरती मर्यादा आहे. लपलपीसाठी मधे एक ठरलेला अडथळा घालतात. फेज आणि न्यूट्रल मिळून त्याचा रोध 0.4 ओहम आणि प्रतिघात 0.25 ओहम असतो. त्यातून होणारी व्होल्टेजची पडझड दहा मिनिटे मोजून एक आकडा काढतात. हा आकडा 1 च्या वर गेला की यंत्र नापास. बऱ्याच देशांत हेच आयईसी 61000 मालिकेतले नियम चालतात आणि भारतात ते आयएस 14700 या क्रमांकाखाली आले आहेत. 1 ही रेघ माणसाच्या डोळ्यावरून आखली आहे. व्होल्टेज मिनिटाला एकदाच बदलत असेल तर सुमारे 2.7 टक्क्यांचा धक्का डोळा सोसतो. मिनिटाला सात बदल असतील तर 1.45 टक्क्यालाच तो वैतागतो.

आता हिशेब करू. 1800 वॉटची शेगडी 7.8 अँपिअर ओढते. चाचणीच्या अडथळ्यात सुमारे 3.1 व्होल्ट, म्हणजे 1.36 टक्के पडतात. मिनिटाला सात बदल धरले तरी शेगडी काठावर का होईना, पास होते. तीच शेगडी डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, 500 मीटरवर, वीझल तारेच्या टोकाला न्या. या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे 0.91 ओहम असतो, आणि जाऊन-येऊन एक किलोमीटर तार होतेच. पडझड 7.1 व्होल्ट, 3 टक्क्यांहून जास्त. लपलपीचा आकडा पडझडीच्याच प्रमाणात वाढतो, त्यामुळे तो दोनच्या पुढे जातो. न्यूट्रल फेजपेक्षा बारीक असेल तर याहून वाईट. भुसावळपलीकडे दीपनगरला वीज तयार होते, तरी या हिशेबात त्या जवळिकीला काडीची किंमत नाही. दिव्याचे नशीब शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर ठरते.

यावर कोणी म्हणेल, मग चाचणीच गावच्या तारेवर घ्या. वरवर हे रास्त वाटते, पण तसे केले तर एकच शेगडी नशिराबादच्या एका गल्लीत पास आणि दुसऱ्या गल्लीत नापास ठरेल. शेजारच्या घरांतल्या यंत्रांनी आधीच बिघडवलेल्या लहरीवर मोजले तर दोष कोणाचा हेही कळणार नाही. प्रयोगशाळेचा पुरवठा कृत्रिम असतो तो यासाठीच. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. लपलपीचा आकडा 60 वॉटच्या पिवळ्या बल्बच्या वागण्यावरून बसवला आहे आणि तो बल्ब घराघरांतून गेला. खरे आहे. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी हे धक्के गिळतो, पण नुसत्या कपॅसिटरवर चालणारा स्वस्त एलईडी व्होल्टेजबरोबर मंद-तेज होत राहतो. अशा दिव्यांचा बाजार खेड्यात मोठा आहे, तेव्हा रेघ पुसण्याची घाई नको. ‘इथे लाईटच टिकत नाही, लपलपीचे काय घेऊन बसलात’ हा तिसरा आक्षेप मला पटत नाही. लाईट गेली की तक्रार होते. न्यूट्रल तापते तेव्हा कोणाला कळतही नाही.

न्यूट्रलचा विषय हार्मोनिकचा आहे, आणि तिथे नियमाचीच सैल बाजू दिसते. 25 वॉटपर्यंतच्या दिव्यांना नियमात एक पर्याय आहे: तिसरे हार्मोनिक मूळ प्रवाहाच्या 86 टक्क्यांपर्यंत चालते. 9 वॉटचा एक बल्ब सुमारे 40 मिलिअँपिअर मूळ प्रवाह ओढतो, त्याने काय बिघडणार? पण तीन फेजमधले मूळ प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडतात, तिसरे हार्मोनिक मात्र खोडले न जाता तिप्पट होऊन साचते. सगळे दिवे असेच काठावर पास झालेले असले, तर भार तिन्ही फेजवर समान वाटूनही न्यूट्रलमध्ये एका फेजच्या मूळ प्रवाहाच्या अडीचपट प्रवाह वाहील. मोठ्या कारखान्याला जोडणीच्या जागी मर्यादा पाळावी लागते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या 2007 च्या नियमांत व्होल्टेजची एकूण विकृती 5 टक्के आणि प्रवाहाची 8 टक्के ठरली होती. नशिराबादचा सिमेंट कारखाना मोजता येतो, हजार बल्ब मोजता येत नाहीत. त्यांच्यासाठी प्रयोगशाळा हा एकच नाका आहे, आणि तो ढिला ठेवणे मला चुकीचे वाटते.

राहिली ती दुसरी मोजणी, खांबावरची. युरोपच्या प्रमाणात एक आठवडा मीटर लावून ठेवतात आणि 95 टक्के वेळ दोन तासांचा लपलप-आकडा 1 च्या आत आहे का ते पाहतात. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या विनियमांच्या नावातच वीज-गुणवत्ता आहे, तेव्हा असा मीटर मागायला आधार नाही असे कोणी म्हणू नये. मीटर काय सांगेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. 100 केव्हीएच्या डीपीचा स्वतःचा अडथळा जेमतेम 0.08 ओहम, म्हणजे गावठाणात बिघाड तारेच्या लांबीत आहे. शेतात उच्चदाब वितरण योजनेने एकदोन पंपांना छोटा ट्रान्सफॉर्मर दिला आणि तार आखूड केली. पण 16 केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचाच अडथळा 0.53 ओहम होतो, चाचणीतल्या एकूण अडथळ्यापेक्षा (0.4 रोध आणि 0.25 प्रतिघात मिळून 0.47) जास्त. पंप सुरू होताना तिथले व्होल्टेज चांगलेच पडणार. फक्त त्या तारेवर ज्याचा दिवा लपलपेल असा शेजारी नसतो. गावठाणात तो असतो, म्हणून तिथे 500 मीटरची एक तार ओढण्यापेक्षा मधे आणखी एक डीपी उभी करणे हाच उपाय उरतो.