मध्यक, दोन भाषांतला

२०१३ साली एम.ए. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला, सुरतेत, संख्याशास्त्राच्या तासाला माझं उत्तर चुकलं. गणित बरोबर होतं, शब्द चुकला होता. शहरातल्याच लिंबायतच्या मराठी शाळेत मी शिकले होते की चढत्या क्रमानं मांडलेल्या आकड्यांत मधोमध बसतो तो मध्यक. गुजरातीत मध्यक म्हणजे सरासरी. मधोमधचा तो मध्यस्थ. आमचं घर खानदेशातून आलेलं, हा फरक सांगणार कोण?

त्या चुकीनं मात्र दोन्ही कल्पना पक्क्या झाल्या. लूमच्या खात्यातले दहा कारागीर आणि त्यांचा शेठ एकत्र धरले, की सरासरी उत्पन्न फुगतं. मधला आकडा फारसा हलत नाही.

पहिलं वर्ष कॅल्क्युलेटरवर गेलं. घटक विश्लेषणाचं नाव ऐकूनच वर्ग गप्प व्हायचा. मला उभारी मिळाली ती व्ही. व्ही. कामत यांच्या कामातून. बिनेची बुद्धिमत्ता चाचणी त्यांनी धारवाडकडच्या मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्यानं बसवली, १९४० मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. नुसतं भाषांतर करून चाचणी आपली होत नाही. कोणता प्रश्न कोणत्या वयाला जमतो हे इथल्या मुलांवरच तपासावं लागतं. संख्याशास्त्र कशासाठी, ते मला तिथं कळलं.

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी मी रातपाळीच्या कारागिरांकडून झोप आणि चिंतेवरची प्रश्नावली भरून घेतली. बारा तास उभे राहून आलेले एक काका 'नेहमी' या पर्यायावर बोट ठेवून म्हणाले, "नेहमी म्हणजे रोज का, बेटा? का पगार उशिरा झाला तेव्हा?" त्या पर्यायाला मी पाच गुण देणार होते.

निकाल आला: पी ०.०७, लक्षणीय म्हणायच्या मर्यादेच्या जरासा वर. "चार प्रश्नावल्या काढ, खाली येईल," असा सल्ला मिळाला. मी काढल्या नाहीत. गुण कमी पडले, त्याचं तेव्हा फार वाईट वाटलं.

त्याच वर्षी, २०१५ च्या ऑगस्टमध्ये, मानसशास्त्रातल्या शंभर अभ्यासांच्या पुनर्तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत फरक लक्षणीय निघाला होता, पुन्हा केल्यावर फक्त ३६ टक्क्यांत. बातमी वाचून मी कपाटातला गठ्ठा खाली घेतला. चारही प्रश्नावल्या त्यात होत्या. काकांच्या कागदावर 'नेहमी'भोवतीचं वर्तुळ त्यांनी खोडून 'कधी कधी'भोवती काढलेलं होतं, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: पगारावर.