गोधडीचा आहेर

लग्न, बारसे, गृहप्रवेश असे काही कार्य निघाले की आमच्या घरात पहिला प्रश्न येतो तो आहेराचा. स्टीलचा डबा, भिंतीवरचे घड्याळ, नाहीतर पाकीट. आम्ही बँकेत कारकून, त्यामुळे पाकिटात नोटा घालण्याचे काम आमच्याकडेच असते. परंतु गेल्या वर्षी पुतणी शिक्षणासाठी नाशिकला वसतिगृहात निघाली तेव्हा आईने पाकीट बाजूला सारले. म्हणाली, "पैसे काय, महिन्याभरात संपतील. पोरीला गोधडी शिवून देऊ." लहानपणापासून गोधडीत झोपलेले आम्ही, पण ती कशी होते हे त्या वेळी प्रथमच बसून पाहिले.

गोधडीचे माप लुगडेच ठरविते. नऊवारी लुगडे २७ फूट लांब, पन्हा सुमारे ४५ इंच. त्याचे चार पदर केले की पावणेसात फुटांचे चार थर मिळतात. माणूस पायापासून डोक्यापर्यंत झाकला जाईल एवढी ही लांबी. आमच्या गोधडीत आत आजीचे नऊवारी होते. वर आणि खाली आईच्या सुती सहावारीचा एकेक थर, आणि उरलेल्या साडेचार फुटांतून कडेची पट्टी व ठिगळे निघाली.

कापड आधी धुऊन, खळ काढून, कडक उन्हात वाळवावे. जाड काठ उसवून ठेवावेत. ते आत राहिले तर सुई अडते. मग जमिनीवर थर पसरून कोपऱ्यांवर वजन ठेवावयाचे (आईने पाटा ठेवला) आणि लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकत्र धरावयाचे. खरे शिवण कडेपासून सुरू होते. दुहेरी सुती दोऱ्याने एकेका बोटाच्या अंतरावर धावदोरा घालीत मध्याकडे यावयाचे. प्रत्येक ओळीला हाताने सुरकुती पुढे सारीत न्यावी लागते, नाहीतर मध्ये फुगा येतो. जुन्या कापडाची वीण विरलेली असते. ते एकटे ताण सोसत नाही, तो ताण टाके वाटून घेतात. म्हणून ओळी जवळ जवळ हव्यात. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे.

सवयीने आम्ही हिशेब मांडला. इंचाला एक ओळ धरली तर ४५ ओळी, प्रत्येकी सुमारे ८० इंच, म्हणजे ३०० फूट शिवण. इंचाला चार टाके धरले तरी १४,४०० टाके होतात. गोधडी बाहेरून शिवून घेणाऱ्यांनी मजुरीची घासाघीस करताना हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या बायका अशीच कडेकडून आत येत 'कवंदी' शिवतात. चारही कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुले लावल्याशिवाय त्यांना ती पुरी झाली असे वाटत नाही. आमच्या आईने कोपऱ्यांना फक्त दुहेरी टाका घातला. फुले करण्याइतका तिला वेळ नव्हता.

तुकडे जोडून केलेले वस्त्र आपल्याला परके नाही. मगधातील बांध घातलेली शेते दाखवून बुद्धांनी आनंदाला तशाच आकृतीचे चीवर करण्यास सांगितले, ही हकीकत महावग्गात आहे. चुल्लवग्गातील हकीकत तर प्रत्येक गृहिणीला पटावी. आनंदाला पाचशे वस्त्रे मिळाल्यावर राजा उदेनाने विचारले, एवढ्यांचे करणार काय? आनंदाने सांगितले की ज्यांची चीवरे झिजली आहेत त्यांना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे? त्यांची पांघरुणे करू. ती जुनी झाली की गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवर अंथरावयाला, मग पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी त्या चिंध्या कुटून मातीत कालवून जमीन सारवू. हे ऐकून राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

तरीही आपल्यातील अनेकांना जुन्या कापडाची भेट खटकते, आणि त्याला कारण आहे. गावगाड्यात आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला दुसऱ्यांची उतरलेली वस्त्रे, प्रेतावरचे कापडसुद्धा येई. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे पेहरावाचा विषय मुद्दाम काढला. अस्पृश्यतेची ओळख पटविणारी राहणी टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. हे आम्ही वाचले होते, पण अर्धेच समजलो होतो. बारावीनंतर वसतिगृहात जाताना आजीने शिवलेली गोधडी आम्ही घरीच ठेवली व विकतची चादर नेली. ठिगळे पाहून मुले काय म्हणतील, ही लाज. आजी काही बोलली नाही. पुढे ती गोधडी गादीखाली गेली आणि शेवटी दारात पायपुसणे झाली. लोकांनी अंगावर टाकलेले जुने आणि आजीने आपल्या अंगावरचे काढून आपल्यासाठी शिवलेले जुने, यांतला फरक कळावयाला आम्हांला पुढे बरीच वर्षे लागली.

आता थोडे भिवंडीकरांसाठी. आपल्याकडे यंत्रमागाच्या कापडाचे तुकडे वजनावर मिळतात व ते घेऊन गोधडी करण्याचा मोह होतो. पण त्यांत पॉलिएस्टर पुष्कळ असते. त्याचे थर एकमेकांवरून घसरतात, घाम टिपला जात नाही. एक सूत काढून जाळून पाहावे. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येऊन मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. आजकाल घरात वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच साड्यांची अशी गोळीच होते. तेव्हा आई-आजीची सुती लुगडी शिल्लक असतील तर ती भांड्यांवर देऊन टाकू नयेत. आणि कोणाचे वस्त्र आत घातले आहे हे भेट देताना सांगावे, नाहीतर घेणाऱ्याला ती नुसती गोधडीच वाटेल.

आमच्या गोधडीला साडेतीन आठवडे लागले. पुतणीने ती नेली आणि दिवाळीच्या सुट्टीत धुवावयाची म्हणून परत आणली. एका कोपऱ्याचा टाका उसवला होता. आईने चष्मा शोधला, सुई ओवली आणि ती पुतणीच्याच हातात दिली.