‘पुरे’ कोण म्हणते?

समोर साताऱ्याचे कंदी पेढे आणि सांगलीचे भडंग कितीही ठेवले, तरी केव्हातरी तुमचा हात थांबतोच. ‘पुरे’ असे कोण म्हणते? पोट, असे तुम्ही म्हणाल. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. अन्न आतड्यात पोचले की तेथील काही पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ते जठराला सांगते, ‘सावकाश रिकामे हो’ आणि मेंदूला सांगते, ‘भूक भागली’. पण हा निरोप्या फार अल्पायुषी. काही मिनिटांतच त्याचे विघटन होते.

वजन घटवणाऱ्या ज्या इंजेक्शनांची हल्ली घरोघरी चर्चा चालते, त्यांतले सेमाग्लुटाइड ही याच निरोप्याची नक्कल होय. मात्र तिचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला सुमारे ७ दिवस लागतात. म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदाच.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के घटले. ८० किलोच्या माणसाचे १२ किलो! पण गणित येथेच सोडू नका. जठर आणि मेंदू यांना मिळणारा तोच निरोप लांबला की मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठही होतात. चाचणीत शंभरातील ४४ जणांना मळमळ झाली. औषधाविना नुसतेच इंजेक्शन घेणाऱ्यांत १७ जणांना. क्वचित पित्ताशयात खडे होतात, स्वादुपिंडाला सूज येते. चरबीबरोबर थोडे स्नायूही झडतात. आणि इंजेक्शन बंद केलेल्यांचे वर्षभरात दोन तृतीयांश वजन परत आले. म्हणजे १२ पैकी ८ किलो!

मग औषध वाईटच का? तसे नव्हे. स्थूलपणामुळे मधुमेह वा हृदयविकार जडलेल्या रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते खरोखर उपकारक ठरते. लग्नातल्या फोटोसाठी चार किलो उतरवणे, ही गोष्ट वेगळी.

सिब्युट्रामीन हेही असेच एक भूक मारणारे औषध. त्याने हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो असे दिसल्यावर २०११ साली भारतात त्यावर बंदी आली. तरी ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या पुडींत ते लपवलेले अनेक देशांत सापडले आहे.

साताऱ्यात राजवाड्यापाशी किंवा सांगलीत विश्रामबागेत औषधांच्या दुकानात गेलात, तर खोक्यांच्या डाव्या कडेची उभी लाल रेघ पाहा. रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचे नसते. वनौषधीच्या पुडीवर अशी रेघ सापडायची नाही, आत सिब्युट्रामीन असले तरीही.