आमच्या भिंतीवरील शिकारी

स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचे, देणगीदारांचे व कार्यकर्त्यांचे लेख असावयाचे. त्यांत कोळ्यावरचा लेख कशाला, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मागच्या एका पावसाळ्यात आमच्या घरी जे घडले, त्यामुळे हा विषय आपल्या सर्व कुटुंबांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमचे घर अफझलगंजातील, मुसी नदीपासून फारसे दूर नाही. जुने, चौकाचे, खाली शहाबादी फरशी, भिंती चुन्याच्या, चौकात तुळस, कढीपत्ता व एक जास्वंद. अशा घरात कोळी नसतील तरच नवल! त्या पावसाळ्यात आमच्या वृद्ध आत्याबाईंच्या कपाळाची उजवी बाजू आगीसारखी जळू लागली आणि दुसऱ्या दिवशी तेथे फोड आले. घरातील वडीलधाऱ्यांनी निदान तत्काळ केले: "रात्री अंगावरून कोळी गेला!" काव उगाळून लावली गेली, केरसुणी घेऊन भिंतीवरचे कोळी झाडून मारले गेले आणि तीन दिवस त्यातच गेले. चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे नेले, तेव्हा ते म्हणाले, "ही नागीण आहे. पहिल्या दिवशीच का नाही आणले?"

लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचे विषाणू मज्जातंतूंत दबा धरून राहतात व उतारवयात पुन्हा डोके वर काढतात, हीच नागीण. तिच्यावरील औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाले तर अधिक गुणकारी ठरते. कपाळावर वा डोळ्याजवळ फोड आल्यास दृष्टीलाही धोका असतो. आत्याबाईंची दृष्टी वाचली, पण कपाळातील ठणका कित्येक महिने राहिला. पावसाळ्यात अंगावर उठणाऱ्या फोडांचे दुसरेही एक कारण आहे. रात्री दिव्यावर येणारा, काळ्या व नारिंगी रंगाचा एक बारीक किडा अंगावर चिरडला गेला, की त्याच्या अंगातील रसाने कातडी भाजल्यासारखी होते. अशा वेळी ती जागा लगेच साबणाने धुवावी. या दोन्ही प्रकरणांत कोळी मात्र संपूर्ण निर्दोष!

ज्याला आम्ही शिक्षा केली तो अपराधी नव्हता, ही टोचणी आम्हांस लागली, आणि म्हणून त्याची ओळख करून घेण्याचे ठरविले. आपल्या भाषेत समुद्रात जाळे टाकणारा आणि कोपऱ्यात जाळे विणणारा, दोघांनाही एकच नाव आहे. आमचे तेलुगू शेजारी त्याला 'सालीडु' म्हणतात. त्या शब्दातही विणकर आहे. मौज अशी की, दिवसाढवळ्या भिंतीवर थांबत थांबत चालणारा आमचा हा बुटका, केसाळ कोळी शिकारीसाठी जाळे विणतच नाही. तो मांजरासारखा दबकत जातो आणि उडी घालून माशी पकडतो. उडी मारणाऱ्या कोळ्यांचे हे कुल साऱ्या कोळ्यांत सर्वांत मोठे असून जगभरात त्याच्या ६,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत.

त्याचे खरे वैभव म्हणजे डोळे. ते आठ असतात. समोरचे दोन मोठे, मोटारीच्या दिव्यांसारखे. बाकीचे सहा डोक्याच्या कडेने. कडेचे डोळे हालचाल टिपतात आणि समोरचे ती वस्तू नेमकी काय ते पाहतात. समोरच्या डोळ्याचे भिंग जागचे हलत नाही. आतील नळीच्या टोकाशी असलेला दृष्टिपटल मात्र स्नायूंनी इकडेतिकडे फिरतो. मायकेल लँड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६९ साली ही रचना तपशीलवार मांडली. पुढे २०१२ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, हा प्राणी स्पष्ट व अस्पष्ट अशा दोन प्रतिमांची तुलना करून अंतर मोजतो आणि त्यासाठी त्याला हिरवा प्रकाश लागतो. केवळ तांबड्या उजेडात त्याची उडी अलीकडेच पडते!

उडीची युक्तीही विलक्षण आहे. त्याच्या पायांच्या काही सांध्यांत पाय ताठ करणारे स्नायूच नाहीत. शरीरातील द्रवाचा दाब एकाएकी वाढवून तो मागचे पाय सरळ करतो व स्वतःच्या लांबीच्या अनेक पट दूर झेपावतो. उडीपूर्वी रेशमाचा एक धागा भिंतीला चिकटवून ठेवतो, म्हणजे नेम चुकला तरी लोंबकळत परत वर येता येते.

घराभोवती तीन पाहुणे सहज भेटतात. भिंतीवर व खिडकीच्या गजांवर चपटा, करडा 'मेनेमेरस बिव्हिटॅटस'. घरभर हिंडणारा 'प्लेक्सिपस पायकुली', ज्याच्या नराच्या काळ्या अंगावर पांढरे पट्टे असतात. आणि कुंड्यांच्या सावलीत 'हॅसॅरियस ॲडॅन्सोनी', ज्याच्या काळ्या नराच्या पोटावर पांढरी चंद्रकोर दिसते. जपानी प्रयोग झाला तो याच तिसऱ्यावर. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात, २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात जिच्या फांद्यांवर सुमारे १५० जीव वाचले असे सांगतात, त्या चिंचेच्या झाडापाशी आम्ही एकदा उभे राहिलो, तेव्हा सालीवर असाच एक करडा कोळी आमच्याकडे टक लावून पाहत होता.

आपल्या महाराष्ट्राने तर या कुळात एक थोर नाव जोडले आहे. ठाणे परिसरात सापडलेल्या एका नव्या जातीचे २०२१ साली 'आयसियस तुकारामी' असे नामकरण झाले. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात गोळ्या अंगावर झेलून कसाबला घट्ट धरून ठेवणारे पोलीस अधिकारी, अशोकचक्रविजेते हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हे नाव दिले आहे.

छायाचित्रे घेण्याचा छंद आमच्या पुतण्याने लावला. त्याला मोठा कॅमेरा लागत नाही. मोबाईलला चिमट्याने लावायचे एक भिंग पुरते. आमच्या चुकांतून शिकलेल्या काही गोष्टी येथे देतो. सकाळची वेळ उत्तम; तेव्हा कोळी उन्हाला येतो आणि ऊनही कोवळे असते. त्याच्यावर आपली सावली पडू देऊ नये, पडली की तो फटीत शिरतो. हळूहळू, थांबत थांबत जवळ जावे. भिंतीला कोपर टेकले म्हणजे हात कापत नाही. दिवा वापरायचाच तर त्यापुढे पातळ पांढरा कागद धरावा. नाही तर चकचकीत डोळ्यांत नुसताच लखलखाट दिसतो. चित्राचा नेम समोरच्या दोन डोळ्यांवर असावा. ते रेखीव आले की बाकीचे धूसर चालते. घाई करू नये. तो स्वतःच वळून भिंगाकडे पाहतो, तोच क्षण टिपावा. बाटलीत कोंडून वा थंड करून त्याला निपचित पाडणे आम्हांस मान्य नाही. फटीतील पांढऱ्या रेशमी पिशवीला हात लावू नये; आत मादी अंडी राखीत बसलेली असू शकते.

हा चावतच नाही असे आम्ही म्हणणार नाही. बोटांत दाबला गेला तर तो चावेल, थोडे दुखेल. पण आपण होऊन तो माणसाच्या वाटेस जात नाही. माश्या, डास व बारीक पतंग हेच त्याचे अन्न आहे.

तेव्हा आमची सर्व कुटुंबांस दोनच विनंत्या आहेत. दिवाळीच्या झाडलोटीत कोपऱ्यांतली जळमटे जरूर काढा, पण भिंतीवर उघड्यावर हिंडणाऱ्या या छोट्या शिकाऱ्यास केरसुणी दाखवू नका. आणि अंगावर एका बाजूस आग होऊन फोड आले, तर कोळ्याला दोष देत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आत्याबाई आता बऱ्या आहेत. सकाळी ओसरीवर बसल्या असता भिंतीवर कोळी दिसला, तर त्याच मुलांना हाक मारतात, "अरे, तुमचा पाहुणा आला बघा, लवकर फोटो काढा!"