प्रशिक्षणाच्या पुढे काय?

मलप्पुरम जिल्ह्यात पंचायतीच्या परिचारिकेबरोबर मी एका घरी गेलो होतो. पक्षाघाताने सहा वर्षे अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाकडे वळण्याआधी तिने त्यांच्या सुनेला विचारले, ‘‘रात्री किती वेळा उठावे लागले?’’ मग लघवीची नळी बदलली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, ते सुनेच्याच हातून करवून घेतले. सोबतचा स्वयंसेवक, पेशाने दुकानदार, घरातले तांदूळ संपत आल्याची नोंद करीत होता.

या व्यवस्थेचा उगम १९९३ मध्ये कोझिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आदींनी सुरू केलेल्या वेदनाशमनाच्या कार्यात आहे. २००८ मध्ये केरळने उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मात्र १९९६ हे वर्ष अधिक निर्णायक वाटते. त्या वर्षीच्या लोकयोजना अभियानाने प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि योजनानिधीचा मोठा वाटा स्थानिक संस्थांच्या हाती दिला. परिचारिकेचे मानधन, गाडीचे भाडे, मलमपट्टीचे साहित्य पंचायत देऊ शकते, ते त्यामुळे.

इतर राज्ये केरळकडून प्रशिक्षणाची पुस्तिका तेवढी उचलतात. सेवेत असताना मीही अशा एका अहवालावर स्वाक्षरी केली आहे. किती स्वयंसेवक प्रशिक्षित झाले, याचा रकाना त्यात होता. त्यांपैकी किती जण पुढच्या महिन्यात कुणाच्या दारी गेले, याचा नव्हता. जाणार तरी कसे? बसभाड्याची तरतूद नव्हती आणि अडचण आली तर विचारायला जवळ परिचारिकाही नव्हती.

२०११ च्या जनगणनेत साठीपुढील लोक १० कोटींहून अधिक होते. केरळात त्यांचे प्रमाण १२.६ टक्के, देशात ८.६. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. पण कर्करोगाच्या अखेरच्या महिन्यांसाठी घडलेली पद्धत स्मृतिभ्रंशाच्या दहा वर्षांना जशीच्या तशी पुरत नाही. तिथे औषधांइतकेच शिकवावे लागते ते थकलेल्या सुनेला दुपारची दोन तास झोप कशी मिळेल हे. आणि त्या दोन तासांत रुग्णापाशी कोण बसेल हे पंचायतीने ठरवावे लागते.

परतीच्या वाटेवर मी परिचारिकेला तिच्या नोकरीविषयी विचारले. नेमणूक कंत्राटी होती, मार्चमध्ये संपणारी. त्या दिवशीची आणखी तीन घरे बाकी होती.